लेप्टन, टोली आणि दमडी : विधवेच्या दानातलं नाणं

प्रश्न : बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (12:42) गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ टाकते. ही टोली म्हणजे नेमकं कुठलं नाणं? आणि कुणी संस्थेला छोटीशी देणगी दिली, तर तिला ‘विधवेची दमडी’ म्हणता येईल का?

उत्तर : टोली म्हणजे मूळ ग्रीक पाठातलं ‘लेप्टन’. ‘लेप्टोस’ म्हणजे पातळ, बारीक. दमडीच्या जागी मुळात ‘कोद्रांतेस’ आहे, म्हणजे रोमन लोकांचं ‘क्वाद्रान्स’. मार्क आपल्या वाचकांना मुद्दाम रोमन नाण्यात किंमत समजावून सांगतो, म्हणून त्याचे वाचक रोमकडचे असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. दुसरा शुभवर्तमानकार लूक (21:2) हीच गोष्ट सांगताना नुसते दोन लेप्टन म्हणतो.

आता हिशेब. दिनार हे रोमन चांदीचं नाणं, अस हे त्याखालचं. एका दिनाराचे 16 अस, एका असाचे 4 क्वाद्रान्स, एका क्वाद्रान्सचे 2 लेप्टन. म्हणजे दिनाराला 128 लेप्टन. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार ठरतो. तेव्हा विधवेचं दान दिवसाच्या मजुरीचा 64वा भाग. आज मजुरी 640 रुपये धरली, तर दोन्ही नाणी मिळून 10 रुपये.

पाठात नाण्याचं वर्णन नाही. पण यहूदियात, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या प्रदेशात, हस्मोनी घराण्याचा यहुदी राजा अलेक्झांडर यान्नाय (इ.स.पू. 103 ते 76) याची तांब्याची नाणी अफाट संख्येने पाडली गेली आणि पुढच्या शतकातही ती चालत होती, म्हणून संग्राहक सहसा त्यांच्याकडेच बोट दाखवतात. एका बाजूला नांगर, म्हणजे जहाजाचा, आणि दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा. राजाचा चेहरा नाही. दगडी साच्यात चकत्यांची माळ ओतायची, ठसा मारायचा आणि तोडून सुट्या करायच्या, अशी रीत. त्यामुळे कडेला तुटल्याचं टोक राहतं आणि ठसा बऱ्याचदा अर्धा चकतीबाहेर जातो. वजन जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम.

वापराबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. येशू रकमेचं कौतुक करत नाही. बाकीच्यांनी आपल्या समृद्धीतून टाकलं, हिने आपली सगळी उपजीविका टाकली, असं तो शिष्यांना सांगतो. नाणी दोन होती, एक ठेवून घेता आली असती. म्हणून भरल्या घरातून दिलेल्या पाचशे रुपयांना ‘विधवेची दमडी’ म्हणणं चूक आहे, कितीही नम्रपणे म्हटलं तरी. तिथे आपल्याकडे ‘फूल ना फुलाची पाकळी’ आहेच. विधवेची दमडी म्हणजे देणाऱ्याकडे मागे काही उरलं नाही असं दान.

आणखी एक. याच्या आधीच्याच ओळींत, विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांवर, येशू कडक बोलतो आणि पुढचा अध्याय उघडताच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही म्हणतो. त्यामुळे इथे कौतुकापेक्षा हळहळ जास्त आहे, असं काही भाष्यकार म्हणतात. मलाही ते पटतं. हा उतारा देणगी मागण्यासाठी वापरणाऱ्यांनी तेवढं मागचं-पुढचं वाचावं.

पुन्हा प्रश्न : ‘दमडी’ तर आपला अस्सल देशी शब्द. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ म्हणतो आपण. मग तो यरुशलेमच्या गोष्टीत खटकत नाही का?

उत्तर : मला नाही खटकत, उलट आवडतो. दमडी ‘दाम’वरून, दाम संस्कृत-प्राकृतातल्या ‘द्रम्म’वरून आणि द्रम्म ग्रीक ‘द्राख्मे’वरून आला. लूकच्या 15व्या अध्यायात बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते, ते हेच द्राख्मे. फक्त ते चांदीचं, साधारण दिनाराच्या तोलाचं. आपल्याकडे येईपर्यंत शब्द घसरत घसरत तांब्यावर आला.

‘लेप्टो’ आजच्या ग्रीकमध्येही जिवंत आहे : युरोचा शंभरावा भाग आणि मिनिट, दोन्हींना तोच शब्द. बारा तासांच्या मजुरीच्या दिवसाचा 64वा भाग काढला, तर विधवेचं दान साधारण अकरा मिनिटांच्या कामाएवढं भरतं.