ओक आडवा झालाय, मोठी चेनसॉ कोणती घेऊ?

प्रेषक: मंदार (मिलफर्ड, न्यू हॅम्पशायर)
रविवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार,

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हा विषय जरा रानटी वाटेल. पण मंडळाच्या या मेल-यादीवर लाकूड जाळणारी निदान चार-पाच घरं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारतो.

गेल्या आठवड्याच्या वाऱ्यात मागच्या अंगणातला रेड ओक मुळासकट आडवा झाला. घर वाचलं, कुंपण गेलं. बुंध्याशी आडवा टेप धरून जाडी पाहिली तर २८ इंच भरली. माझ्याकडे ३० सीसीची, १६ इंची बारची (चेन ज्यावरून फिरते ते पातं) चेनसॉ आहे, घर घेतलं तेव्हा सेलमध्ये उचललेली. फांद्या तिने काकडीसारख्या कापल्या. काल बुंध्याला लावली तर पाऊण तासात एक काप, तोही अर्धवट. धूर निघाला, बार निळा पडला आणि शेवटी तो लाकडातच अडकून बसला. शेजाऱ्याकडून पहार आणून सोडवला.

दुकानातला मुलगा म्हणाला, याच मशीनला लांब बार लावून बघा. नेटवर कुणी ५० सीसी म्हणतो, कुणी ७० च्या खाली बोलूच नका म्हणतो. बायको म्हणते माणूस बोलव. तीन वाळलेले अ‍ॅशही उभे आहेत, तेही उरकावेत असा विचार आहे. काय घेऊ?

मंदार

---

प्रेषक: रोहन (नॅशुआ)
रविवार, रात्री १०:०५

बॅटरीवाली घे ना. आवाज नाही, पेट्रोल मिसळायची कटकट नाही, बटण दाबलं की सुरू. माझी दोन वर्षं मस्त चाललीये.

---

प्रेषक: मंडळ सचिव
सोमवार, सकाळी ७:१५

विषय चालू द्या, पण फराळाच्या ऑर्डरी कृपया या मेलला उत्तर म्हणून पाठवू नका. काल दोघांनी चकल्या इथेच मागवल्यात.

---

प्रेषक: शिरीषकाका (पीटरबरोजवळ)
सोमवार, दुपारी १:३०

चि. मंदार,

आधी मला सांग, कापताना खाली काय पडत होतं? मैदा की पोहे?

चेनला धार असेल तर ढलप्या उडतात, जाड पोह्यांएवढ्या. धार गेली की मैदा पडतो. मग माणूस जोर लावून दाबतो आणि बार तापून निळा पडतो. तुझा धूर आणि निळा बार वाचून मी पैज लावायला तयार आहे की मैदाच होता. आडव्या झाडाच्या सालीत माती असते. खालून चेन एकदा जमिनीला टेकली की दोन सेकंदांत धार संपते.

म्हणून नवी मशीन नको असं नाही. २८ इंची ओकला ३० सीसी म्हणजे बोकडाला नांगराला जुंपणं. पण कानस चालवता येत नसेल तर ७० सीसीसुद्धा मैदाच पाडेल, फक्त गोंगाट जास्त.

जुन्या मशीनला लांब बार लावू नकोस. बार लांब झाला की एका वेळी जास्त दाते लाकडात रुततात, इंजिनाची ताकद मात्र तेवढीच. बारला तेल देणारा पंपही छोट्या बारच्या मापाचा असतो, टोकाकडे तेल पुरत नाही. मी इथे नवा होतो तेव्हा ४० सीसीला २० इंची बार लावून क्लच जाळून घेतला आहे. तो वास अजून नाकात आहे.

दुसरा गैरसमज असा की बार खोडापेक्षा लांब हवा. बार लागतो अर्ध्याहून थोडा जास्त. २० इंची बारने एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने कापलं की २८ इंच आरामात होतात. २४ किंवा २८ इंची बार दिसायला भारी, पण जास्तीचं टोक पलीकडे कशाला लागतंय ते तुला दिसत नाही आणि धार लावायला दातेही वाढतात.

आता सीसी. नुसत्या सीसीवर जाऊ नकोस. स्टिलची एमएस २७१ आणि एमएस २६१ या दोन्ही ५०.२ सीसीच्या. पहिली २.६ किलोवॅट देते, दुसरी ३.०. बार-चेन सोडून पहिलीचं वजन ५.६ किलो, दुसरीचं ४.९. पहिली घर-शेतासाठी, दुसरी रोज लाकूड तोडणाऱ्यांसाठी बनवलेली, म्हणून महाग. गंमत पुढे आहे. एमएस ३६२ ही ५९ सीसीची, ३.५ किलोवॅटची आणि वजन पुन्हा ५.६ किलोच्या आसपास. म्हणजे २७१ जेवढं ओझं हातात देते तेवढ्यातच तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताकद. त्यावरची एमएस ४६२ घेतलीस तर ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट, ६ किलो.

माझं मत विचारशील तर ६० सीसीच्या आसपासची मशीन, २० इंची बार, विषय संपला. स्टिलचीच हवी असं नाही. हुस्क्वार्नाची ५६२ एक्सपी आणि इकोची सीएस-५९० दोन्ही ५९.८ सीसीच्या. इको थोडी जड आहे, पण बरीच स्वस्त. तुझ्या घराजवळ ज्या कंपनीचा दुरुस्ती करणारा दुकानदार आहे ती घे. जानेवारीत कार्ब्युरेटर रुसला की मॉडेल नंबरपेक्षा तो माणूस कामाला येतो. ७० सीसी कशासाठी? तू लाकूडतोड्या नाहीस, सोमवार ते शुक्रवार कोड लिहितोस. दुपारी चारनंतर हात थरथरायला लागले की एकेक पाव किलो मोजावा लागतो.

रोहन, तुझी बॅटरीवाली फांद्यांना उत्तम आहे, मीही एक ठेवली आहे. पण पुऱ्या वाढलेल्या ओकचे सलग काप घ्यायला गेलं की कामापेक्षा चार्जिंगच जास्त होतं. मंदार, जुनी ३० सीसी विकू नकोस. फांद्यांना हलकी तीच बरी. शिवाय मोठी अडकली की सोडवायला दुसरी करवत लागतेच. शेजाऱ्याच्या पहारीने बार वाकतो.

आता काळजीचं. तू "मुळासकट" लिहिलंस तिथे माझी नजर अडकली. अशा झाडाच्या मुळांची आणि मातीची जी थाळी उभी राहते, ती खोडाच्या वजनाने तोललेली असते. खोड तोडलं की वजन जातं आणि थाळी परत खड्ड्यात आदळते. कधीकधी उरलेलं खोड सरळ उभं राहतं. मुलं त्या खड्ड्यात खेळतात, मी पाहिलंय. आजच दोरी बांधून तो भाग बंद कर. कापायला शेंड्याकडून सुरुवात कर, मुळाकडचा शेवटचा काप जाणत्या माणसासाठी ठेव.

अ‍ॅशना हात लावायचा नाही. एमराल्ड अ‍ॅश बोरर या पोखरकिड्याने २०१३ मध्ये कॉन्कर्डला हजेरी लावली, तेव्हापासून राज्यात मेलेले अ‍ॅश सगळीकडे उभे आहेत. मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, खाली काप घेतानाच वरची फांदी डोक्यात येते. धडधाकट अ‍ॅशही पाडताना खोड उभं चिरून मागे फेकतो. त्याला बकेट ट्रकवाला (पाळण्यात उभं राहून वरून कापणारा) बोलव. या बाबतीत सूनबाईंचं बरोबर आहे.

शिरीषकाका

---

प्रेषक: मंदार
सोमवार, रात्री ८:५०

काका, आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. मैदा. अगदी पुरणपोळीचा.

खड्ड्याला दोरी बांधली. मुलं खरंच तिथे मातीचा किल्ला करत होती. अ‍ॅशचं मान्य. धार लावणं मात्र कधी केलं नाही, दोन वर्षं त्याच चेनवर चाललोय.

---

प्रेषक: सतीश (लोवेल, मॅसॅच्युसेट्स)
मंगळवार, सकाळी ९:००

मंदार, ओक वाळायला दोन वर्षं घेईल, यंदा काय जाळणार? माझ्याकडे दोन कॉर्ड (सरपण मोजायचं इथलं माप) तोडलेला अ‍ॅश पडलाय, फुकट. गाडी घेऊन ये.

---

प्रेषक: शिरीषकाका
मंगळवार, सकाळी ९:२०

सतीश, मन मोठं आहे, पण राज्याबाहेरचं जळाऊ लाकूड उष्णता-प्रक्रिया किंवा राज्याशी आधी करार केल्याशिवाय न्यू हॅम्पशायरमध्ये आणायला बंदी आहे. हा किडा असाच सरपणात बसून गावोगाव गेला. तुझं तिथेच जाळ, आम्ही शेकायला येतो.

---

प्रेषक: डॉ. नीलाताई (मँचेस्टर)
मंगळवार, रात्री ११:१०

शिफ्टवरून आले, म्हणून उशिरा.

मंदार, मशीनच्या बजेटमधून आधी चॅप्स (पँटवर बांधायचं पायांचं संरक्षक कवच), जाळीचं हेल्मेट आणि कानाचे मफ यांचे पैसे बाजूला काढ. आमच्याकडे येणाऱ्या जखमा बहुधा डाव्या मांडीवर किंवा गुडघ्यावर असतात. काप संपतो, मशीन खाली झुकते, चेन अजून फिरत असते. चॅप्समधले धागे ओढले जाऊन चेनच्या चाकात गुंततात आणि ते थांबतं. बॅटरीवाल्यांसाठी सांगते, विजेच्या मोटरची ओढ वेगळी असते, तिथे चॅप्सवर तेवढा भरवसा ठेवू नका.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तिथे लाकूड लागलं की बार उसळून तोंडाकडे येतो. स्टिलच्या बार-चेनवर हिरवी खूण असेल तर ही उसळी कमी करणारी जोडी, पिवळी असेल तर शिकलेल्या माणसांसाठी. मोठ्या मशीनबरोबर दुकानदार पिवळी देईल. तू हिरवी मागून घे. एकट्याने कापू नकोस.

जाता जाता, या करवतीचा पूर्वज आम्हा डॉक्टरांचाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाडं कापायला हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली. तेव्हा बाळंतपण अडलं की ओटीपोटाखालच्या हाडांचा सांधा कापत. रात्री हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं.

---

प्रेषक: शिरीषकाका
बुधवार, सकाळी ६:४५

नीलाचं ऐक. मी ऐकलं नव्हतं. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात राज्यातल्या चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, आमच्याकडे तर पंधरवडा अंधार. रस्त्यावर बर्फाच्या ओझ्याने कमानीसारखा वाकलेला एक बर्च होता, मनगटापेक्षा थोडा जाड. मी कमानीच्या बाहेरच्या अंगाला करवत लावली. पुढचं आठवतं ते म्हणजे मी पाठीवर पडलोय आणि मशीन सहा फुटांवर खडखडतेय. गालावर तीन आठवडे निळा डाग होता. अशा ताणलेल्या लाकडाला आतल्या, दबलेल्या अंगाने थोडं थोडं तासत ताण उतरवायचा असतो. तुझ्या ओकखाली दबलेल्या छोट्या झाडांकडे आधी बघ.

धारेचं. ६० सीसीला ३/८ इंची पूर्ण मापाची चेन येईल, तुझ्या जुनीला ३/८ लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दात्यांची, असणार. नावं सारखी, कानशी वेगळ्या. छोटीला ४ मिमी, मोठीला स्टिलची चेन असेल तर ५.२, बाकी बहुतेकांची ५.५. ३० अंशांचा कोन, प्रत्येक दात आतून बाहेर, ढकलताना कापायचं, मागे आणताना कानस उचलायची. दर दाताला मोजून सारखे घास दे, नाहीतर काप वाकडा जातो. दातापुढचा बुटका खुंट दिसतो ना, तो रेकर. किसणी खोबऱ्यात किती खोल जाणार हे तो ठरवतो. तीन-चार वेळा धार लावली की तोही थोडा घासावा लागतो, नाहीतर धार असून मैदा.

शनिवारी सकाळी इकडे ये, चेन घेऊन. व्हाइसला बार आवळून अर्ध्या तासात हात बसेल. आणि जमलं तर गेम ऑफ लॉगिंगचा, म्हणजे चेनसॉ सुरक्षितपणे चालवायला शिकवणारा, एक दिवसाचा वर्ग कर.

---

प्रेषक: मंदार
रविवार, संध्याकाळी ५:३०

काका, पोहे पडले!

५९ सीसीची घेतली, २० इंच बार, हिरवी चेन. काल तुमच्याकडून शिकून आलो, आज पहिला काप दोन्ही बाजूंनी मिळून दोन मिनिटांत. वरून तिसरा हिस्सा कापला, प्लास्टिकच्या दोन पाचरी ठोकल्या, एकदाही अडकली नाही.

मात्र १६ इंच लांबीचा एक ओंडका हिशेबाने साडेतीनशे पौंड भरतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. हलेचना. मग आडवा ठेवून सालीच्या बाजूने, रेषांच्या लांबीतच बार घातला आणि चार फोडी केल्या. तेव्हा मैदाही नाही, पोहेही नाहीत, वीतभर लांब शेवया! क्लचच्या झाकणात दोनदा बोळा बसला. मुलांनी दोन पोती भरून गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत, शेगडी पेटवायला. मुळाकडचे सहा फूट तसेच ठेवलेत, अ‍ॅशवाला मंगळवारी येतोय, तोच पाहील.

फोटो जोडलाय.

---

प्रेषक: डॉ. नीलाताई
रविवार, संध्याकाळी ५:४२

फोटोत चॅप्स दिसत नाहीत.

---

प्रेषक: मंदार
रविवार, संध्याकाळी ५:४४

फोटोसाठी काढले होते, ताई.

---

प्रेषक: मंदारची बायको (मंदारच्याच खात्यावरून)
रविवार, संध्याकाळी ५:५१

अजून पिशवीतच आहेत. आज रात्री उघडतेय.