ट्रक जागेवरून हलवण्यापूर्वी शेवटची नजर कोठे असावी?

प्रश्न
नमस्कार. मी सध्या अवजड वाहन चालवण्याचे प्रशिक्षण घेत आहे. गाडी सुरू केल्यावर मी दोन्ही बाजूंचे आरसे पाहतो, इंडिकेटर देतो, ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब पुरेसा होईपर्यंत थांबतो आणि मगच हँडब्रेक सोडतो. तरीही प्रशिक्षक दर वेळी ‘नीट पाहिले नाही’ असे सांगतात. माझे नेमके काय चुकते?

प्रतिसाद १
आपण पाहता, परंतु फार लवकर पाहता. दाबाचा काटा वर येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात एखादा पादचारी केबिनला अगदी लागून रस्ता ओलांडू लागतो. आणि उंच केबिनमध्ये समोरच्या काचेची खालची कडाच जमिनीपासून इतकी वर असते की तिच्यापुढे उभे असलेले लहान मूल चालकाला थेट दिसतच नाही. म्हणून दाब, गिअर वगैरे सर्व तयारी आधी पूर्ण करावी. त्यानंतर चालकापासून दूरच्या बाजूचे आरसे, जवळच्या बाजूचे आरसे आणि खांद्यावरून बाहेरचा भाग पाहावा, व शेवटी केबिनपुढील जमीन दाखवणारा आरसा पाहून लगेच हँडब्रेक सोडावा. मध्ये कोणाला वाट देण्यासाठी थांबावे लागले, तर पुन्हा पहिल्यापासून पाहावे. हे कंटाळवाणे वाटते, पण त्याला पर्याय नाही.

प्रतिसाद २
एक भर घालतो. काचेच्या कडेचा खांब आणि त्यालगतचे मोठे आरसे मिळून एक अख्खा सायकलस्वार झाकू शकतात, त्यामुळे नुसते डोळे न फिरवता आसनावर पुढे-मागे झुकून पाहावे. बहिर्गोल आरशात माणूस प्रत्यक्षाहून लहान आणि दूर भासतो, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आरसे आणि हँडब्रेक यांच्यामधला वेळ माझ्या लक्षातच आला नव्हता. पुढे माणूस असल्यास इशारा देणारी यंत्रणा गाडीत असेल, तर हा क्रम बदलतो का?

प्रतिसाद ३
मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांचा १५९ क्रमांकाचा नियम नेमक्या याच यंत्रणेसाठी आहे. गाडी हलताना पुढील पादचारी व सायकलस्वार यांची सूचना चालकाला मिळावी, हा त्याचा हेतू. मात्र लांब बस उभ्या जागेवरून चाके पूर्ण वळवून बाहेर काढली, की मागच्या चाकांपलीकडचा भाग उलट दिशेला फेकला जातो, आणि तेथे उभ्या असलेल्या माणसाची सूचना पुढचा सेन्सर देणार नाही. त्यासाठी गाडी हलल्यावरही त्या बाजूच्या आरशात एकदा पाहावेच लागते.