कॅथलिक लिबरल आर्ट्स कॉलेज आणि अमेरिकन राज्यविचार : लेकीसाठी सल्ला हवा

टेक्सासची_माई :
नमस्कार मंडळी. लेकीला युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस या कॅथलिक कॉलेजात प्रवेश मिळालाय. राज्यशास्त्र आणि पुढे लॉ स्कूल, असं तिचं ठरतंय. तिथे मेजर (मुख्य विषय) काहीही घेतलं तरी होमर, प्लेटो, थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) आणि अमेरिकन राजकारणाची तत्त्वं सगळ्यांनाच शिकावी लागतात. आमचं घर गौरी-गणपतीवालं. धर्माचा आग्रह होतो का? आणि सुट्टीत तिने काय वाचून जावं? नवरा म्हणतो, जुनी पुस्तकं वाचून पोट भरणार का? त्याच्यासाठीही उत्तर सुचवा.

वसईवाली :
मी स्वतः कॅथलिक, अशाच एका कॉलेजात शिकले (हे नव्हे). माई, थिऑलॉजीचा पेपर म्हणजे प्रार्थना नव्हे हो. ग्रंथ वाचायचा, वाद घालायचा, मार्क मिळवायचे. आमच्या वर्गात अक्वायनस या मध्ययुगीन कॅथलिक विचारवंतावर सगळ्यात चांगला निबंध एका मुस्लिम मुलाचा होता. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायची सक्ती आमच्याकडे नव्हती, पण दर कॉलेजचं वेगळं असतं. कॅम्पस बघायला जाल तेव्हा तोंडावर विचारा. कॅलिफोर्नियातलं थॉमस अक्वायनस कॉलेज तर आणखी कडक : मेजरच नाही, टेबलाभोवती बसून मूळ ग्रंथांवर चर्चा. गप्प बसणाऱ्या मुलांची पंचाईत होते.

चष्मिष्ट :
वाचनाचं सांगतो. १७८७-८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी अमेरिकेच्या नव्या संविधानाच्या बाजूने वर्तमानपत्रांत लेख लिहिले, तेच ‘फेडरलिस्ट’. एकूण ८५ आहेत. सगळे वाचायला लावू नका, पोर पळून जाईल. १० आणि ५१ पुरेत.
आमच्या पहिल्या सेमिनारला सरांनी दहाव्या लेखातली गटाची व्याख्या वाचायला लावली. मी ऐटीत सांगितलं, “गट म्हणजे बहुमताच्या आड येणारे मूठभर लोक.” सर म्हणाले, “पुन्हा वाचा.” तिसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं की मॅडिसनच्या लेखी बहुमतसुद्धा गट ठरू शकतं! इतरांच्या हक्कांवर किंवा सगळ्यांच्या हितावर उठलेलं असलं, की झालं. सव्वा तास त्या एका वाक्यावर गेला. तुमच्या यजमानांना सांगा, वकील पुढे याचेच पैसे घेतो.

खडूस_काका :
सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ सह्या, त्यांत कॅथलिक एकच : मेरीलँडचा चार्ल्स कॅरल. क्रांतीआधी त्याच्याच वसाहतीत कॅथलिकांना सरकारी पदावर बसता येत नसे. आणि हाच गृहस्थ शेकडो गुलामांचा मालक. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) २७२ गुलाम विकले, त्या पैशातून आपल्या जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडलं. काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असं ठरवणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनीही कॅथलिकच. अभ्यासक्रमात लिंकनसोबत गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८५२ चं चार जुलैवरचं (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावरचं) भाषण आहे का, ते बघा. नसेल तर तिने आपलं आपण वाचावं. आणि फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली, तेही दाखवा तिला. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना!

वसईवाली :
काका, मान्य. पण उलटी बाजूही सांगा की. जॉन कोर्टनी मरे हे अमेरिकन जेझुइट. धर्मस्वातंत्र्यावर लिहिणं त्यांना १९५० च्या दशकात वरिष्ठांनी थांबवायला लावलं. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यामागे त्यांचाच मोठा हात. माई, शिक्षकांशी बोलणं होईल तेव्हा मरे शिकवता का, एवढंच विचारा. उत्तरावरून विभागाचा कल कळेल.

टेक्सासची_माई :
सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. दहाव्या लेखाची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. लेकीआधी नवऱ्यानेच वाचली. आता म्हणतोय, आपल्या सोसायटीच्या कमिटीतलं बहुमत हा गटच आहे.