कोरियात इंग्रजी शिकवलंय? या, सांगा

मार्च जवळ आला की मला अजून दक्षिण कोरियातल्या देगू शहरातली शाळा आठवते. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, आणि पहिल्या आठवड्यात वर्गातही कोट काढवत नाही अशी थंडी असते. दारात बूट काढायचे, कप्प्यात ठेवायचे, सपाता घालायच्या आणि वर जायचं. माझा पहिला तास तिसरीवर होता. तिथे १९९७ पासून इंग्रजी तिसरीपासून शिकवतात, म्हणजे समोरच्या मुलांचाही शाळेतला हा पहिलाच इंग्रजीचा तास. मी नुकतीच धाकट्या बहिणीचं लग्न आटोपून आले होते. हातावर मेंदी होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं सोबतच्या कोरियन शिक्षिकेला हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी मला सांगितलं, "टीचरच्या हातावर फुलं कोणी काढली, असं विचारतेय." मी ठरवून आणलेला धडा बाजूला ठेवला. हात, फूल, पान, लाल. त्या ४० मिनिटांत एवढे चार शब्द झाले, पण सगळ्या वर्गाचे झाले.

माझा पासपोर्ट कॅनडाचा, घरची भाषा मराठी. ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकांचा व्हिसा, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना सहज मिळतो, त्यामुळे आपल्यातले बरेच जण असेच तिथे पोचलेले असतात. पगार किती, घर कसं, हे एजंटही सांगतो. मला हवं आहे ते रोजचं. डब्याचं, वर्गाचं, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांचं. जे आठवेल ते खाली लिहा, वर आपलं गाव आणि शाळा टाका, क्रम लावत बसू नका.

सोल, देचिदोंग. हागवन, ११ महिने.

आमचा दिवस दुपारी २ ला सुरू व्हायचा आणि रात्री १० ला संपायचा. हागवन म्हणजे खासगी शिकवणी, पण आपल्याकडच्या क्लासपेक्षा तिचा पसारा फार मोठा. सोलमध्ये रात्री १० नंतर हागवन चालू ठेवायला बंदी आहे. त्यामुळे १० वाजले की सगळ्या इमारतींमधून मुलं एकदम खाली येतात आणि पूर्ण रस्ता पिवळ्या गाड्यांनी आणि पालकांच्या मोटारींनी भरून जातो.

चौथीतला एक मुलगा गणिताच्या हागवनमधून थेट माझ्या तासाला यायचा. येताना दुकानातून त्रिकोणी किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) घ्यायचा, जिन्यातच खायचा. एकदा पेन्सिल हातात धरूनच झोपला. मी त्याला दहा मिनिटं झोपू दिलं. संचालकांनी ते कॅमेऱ्यात पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. पालक पैसे झोपायचे देत नाहीत, असं म्हणाले. माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे की त्या दिवशी त्या पोराला सर्वात जास्त गरज त्या दहा मिनिटांचीच होती.

मला त्यांनी अकराव्या महिन्यात काढलं. नव्यानं जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. एक वर्ष पूर्ण झालं की कायद्यानं साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळी मिळते, त्याला थ्वेजिकगम म्हणतात. वर्ष भरायच्या आत माणसाला काढलं की मालकाची ती रक्कम वाचते. शिवाय व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला, त्यामुळे माणूस भांडायला कचरतो. कामगार मंत्रालयाचा १३५० हा नंबर मला फार उशिरा कळला. करार, पगाराच्या पावत्या, संदेश, सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

ग्वांगजू. सरकारी मिडल स्कूल, दोन वर्षं.

मी शाकाहारी आहे. कोरियात शाळेचं जेवण शाळेतच होतं आणि शिक्षक-विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहतात. स्टीलचं खणांचं ताट, भात, सूप, तीन भाज्या. दिसायला अगदी आपलं ताट. पण किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाजीत, मासळीचा आंबवलेला रस, सुपात सुक्या मासळीचं पाणी, पालकाच्या भाजीतही कधी कधी काहीतरी. पहिला महिना मी भात आणि भाजलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीवर काढला.

वाढणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन येत नव्हतं. एक दिवस त्यांनी माझं ताट थांबवलं, आत गेल्या आणि छोट्या वाटीत नुसतं तिळाचं तेल घातलेले मोड आलेले सोयाबीन घेऊन आल्या. बोटानं मासा पोहल्यासारखं केलं आणि मान हलवली, मासा नाही म्हणून. त्यानंतर दोन वर्षं माझी वाटी वेगळी निघत होती. खानावळीतल्या बायकांना तिथे इमो म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. मला ते कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण मी मनात त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत होते.

आणि हो, भेटल्यावर पहिला प्रश्न "जेवलात का?" हाच असतो. घराची आठवण दाटून यायला तेवढं पुरे होतं.

भारतीय पासपोर्ट, बी.एड.

वर ताईंनी सात देश सांगितले ते बरोबर आहे, पण आपल्यालाही वाट आहे. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीय शिक्षकांना सरकारी शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. पदवी आणि इंग्रजी विषयाच्या शिक्षकाची पात्रता, दोन्ही लागतात. पदवी मंत्रालयातून प्रमाणित करून घ्या, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालण्यासाठीचा शिक्का), पोलिसांचा दाखला वेगळा. मला यात अडीच महिने गेले. खासगी शिकवणीत मात्र ही वाट चालत नाही, तिथे नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

दक्षिण जोल्ला, खेड्यातल्या तीन शाळा.

माझ्या सर्वात लहान शाळेत पहिली ते सहावी मिळून १९ मुलं होती. चौथीत दोघंच. कोरियात मुलं जन्माला येणंच कमी झालंय (२०२३ चा जननदर एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल), हे वाचणं वेगळं आणि रिकाम्या वर्गांवरून रोज चालत जाणं वेगळं. खेळाच्या दिवशी संघ पुरे पडावेत म्हणून गावातल्या आज्यांना धावायला उतरवलं होतं, आणि त्या मनापासून धावल्या.

मला इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ही मुलं चुकतात कुठे, ते मराठी माणसाला आतून कळतं. कोरियनमध्ये क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. "मी भात खातो" याचं कोरियन "नानुन पाबुल मगॉयो", शब्दाला शब्द तोच क्रम. म्हणून मुलं "आय राइस ईट" म्हणतात. माझ्या सोबतच्या अमेरिकन मित्राला वाटायचं की मुलं लक्षच देत नाहीत. मी फळ्यावर तीन रंगांचे कागद लावले, मधला आणि शेवटचा कागद मुलांकडून अदलाबदल करून घेतला. आठवडाभर फक्त तेवढंच केलं, आणि वाक्यं जमायला लागली.

९ ऑक्टोबरला हंगुल दिन असतो. त्यांच्या लिपीचा सण. त्या दिवशी मी मुलांना त्यांची नावं देवनागरीत लिहून दिली. स्वर व्यंजनाला चिकटून एक अक्षर होतं, हे त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही, कारण हंगुलमध्येही तसंच असतं.

इंचन, हायस्कूल.

थोडंच लिहितो. नोव्हेंबरात एका गुरुवारी सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी देशभर सुमारे ३५ मिनिटं विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. विमानतळाच्या गावात राहून मी ती शांतता ऐकली आहे. वर्षभर ज्यांना शिकवलं ती पोरं तेव्हा आत बसलेली होती, आणि माझे हात गार पडले होते.

परत मी, देगू.

इमोंचं वाचून राहवलं नाही. १५ मे हा तिथला शिक्षक दिन. २०१६ पासून भेटवस्तूंचा कायदा इतका कडक आहे की विद्यार्थ्याकडून कॉफीचा डबासुद्धा घेता येत नाही. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं डबा आणला होता, तो मला परत करावा लागला. तिचे डोळे भरले, माझेही. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. तोपर्यंत माझी मेंदी जाऊन दोन महिने झाले होते. कागदावर तिनं स्वतःचा हात ठेवून पेन्सिलनं गिरवला होता आणि आत लाल फुलं काढली होती. खाली इंग्रजीत चार शब्द. हात, फूल, पान, लाल.