थर्ड पार्टीकडून सिरम आणि केसांचं तेल बनवून घ्यायचंय, अॅडव्हान्स देण्याआधी काय काय पाहू?

चाफेकळी

स्वतःच्या ब्रँडखाली सुरुवातीला दोनच प्रॉडक्ट काढायची आहेत. १० टक्के नियासिनमाइडचं (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) ३० मिली फेस सिरम, आणि १०० मिली केसांचं तेल (खोबरेल आणि तिळाच्या तेलाचा बेस, त्यात जास्वंद, ब्राह्मी, रोझमेरी). राहायला डोंबिवलीत, माल ठेवायला घरातलीच एक खोली. हाताशी पाच लाख आहेत.

वसई आणि तळोजा भागातल्या तीन जणांची कोटेशनं आली आहेत, पण त्यांची तुलनाच करता येत नाहीये. एक म्हणतो कमीत कमी ५०० पीस. दुसरा पिसांत बोलतच नाही, ५० किलोची बॅच म्हणतो. तिसरा म्हणतो, फॉर्म्युला तयार आहे, तुमचं लेबल लावा आणि पंधरा दिवसांत माल घेऊन जा. तिघांनाही ५० टक्के अॅडव्हान्स हवाय.

मला विचारायचंय ते असं. लायसन्स माझ्या नावावर लागतं का? फॉर्म्युला कोणाच्या मालकीचा राहतो? आणि पहिल्या ऑर्डरमध्ये लोकांचे पैसे नेमके कुठे बुडतात?

तुर्भेनाका

लायसन्सचं आधी, कारण ते सोपं आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात, त्याच्याच लायसन्सवर माल बनवून घेऊन तुम्ही फक्त विकणार असाल तर उत्पादनाचं लायसन्स तुम्हाला लागत नाही. सौंदर्यप्रसाधनं विकायला वेगळं लायसन्सही नाही. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे कारखान्याकडे फॉर्म सीओएस-८ चं लायसन्स हवं. कारखाना त्याचा पण लायसन्स तुमच्या नावाचं, असा लोन लायसन्सचा प्रकार आहे, तो सीओएस-९. तुमच्या आकाराच्या कामाला आत्ता त्याची गरज नाही. जीएसटी नंबर मात्र काढून ठेवा, ऑनलाइन मार्केटप्लेसवरून राज्याबाहेर विकायचं तर तो लागतोच.

लायसन्सची झेरॉक्स मागाल तेव्हा पहिल्या पानावर समाधान मानू नका, मागची प्रॉडक्टची यादीही मागा. लायसन्स आहे याचा अर्थ तुमचं सिरम त्यात आहे असा होत नाही. तुमचं प्रॉडक्ट त्या यादीत चढवण्यासाठी कारखान्याला राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) अर्ज करावा लागतो, तोही बॅच लावण्याआधी. अर्जासोबत फॉर्म्युला आणि लेबलचा मसुदा जातो. म्हणून परवानगी येईपर्यंत खोकी छापू नका. नावात किंवा दाव्यात एक शब्द बदलायला सांगितला की दोन हजार खोकी रद्दी. तयार फॉर्म्युलावाल्या तिसऱ्याला एवढंच विचारा, पंधरा दिवसांत ही परवानगी बसते कुठे?

"आयुर्वेदिक" हा शब्द तेलाच्या बाटलीवर टाकायचा असेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते. त्याला आयुर्वेदिक औषधाचं लायसन्स असलेला कारखाना लागतो. कॉस्मेटिकच्या लायसन्सवर जास्वंद-ब्राह्मी घालता येईल, पण तो शब्द वापरता येणार नाही. तसंच "पिंपल बरे करते", "टक्कल घालवते" हे दावे औषधाचे. "केस तुटून होणारी गळती कमी" इथपर्यंत थांबा.

आता फॉर्म्युला. तयार फॉर्म्युला असेल तर तो त्यांचाच, उद्या शेजारच्या ब्रँडलाही तोच देतील आणि त्यात गैर काही नाही, म्हणून तर स्वस्त पडतो. तुमच्यासाठी वेगळा बनवला, तुम्ही त्याची डेव्हलपमेंट फी भरली, आणि मालकी तुमची असं करारात लिहिलं, तरच तो तुमचा. नुसती फी भरून भागत नाही. करारात "टक्केवारीसह पूर्ण फॉर्म्युला, प्रत्येक कच्च्या मालाचं ट्रेड नेम आणि सप्लायर, बनवण्याची पद्धत" हे शब्द घाला. ट्रेड नेम नसेल तर दुसऱ्या कारखान्यात तोच पोत येत नाही, कारण "इमल्सिफायर ३ टक्के" एवढ्यावरून कोणीच काही बनवू शकत नाही.

ब्रँडचं नाव कोणालाही कळवण्याआधी ट्रेडमार्क वर्ग ३ मध्ये टाका. एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. अँटॉप हिलच्या ऑफिसात जायची गरज नाही.

खलबत्ता

मी फक्त बाटलीच्या आतल्या मालाबद्दल लिहितो.

सिरम. नियासिनमाइड पाण्यात सहज विरघळतं, १० टक्के घालणं अवघड नाही. अवघड आहे ते पीएच सांभाळणं. ५.५ ते ६.५ मध्ये राहू द्या. फार आम्ल झालं तर कालांतराने त्यातून निकोटिनिक अॅसिड सुटतं आणि चेहरा लाल होऊन चुरचुरतो. ग्राहक लिहितो "रिअॅक्शन आली", आणि बिचाऱ्या फेनॉक्सीइथेनॉल या प्रिझर्वेटिव्हवर संशय जातो (ते १ टक्क्यापर्यंतच चालतं, तेवढं पाहून घ्या).

सोबत झिंक पीसीए घालणार असाल, आणि बाजारात ती जोडी फार चालते, तर जाडी कशाने दिली आहे ते विचारा. कार्बोमर असेल तर झिंकच्या क्षारामुळे तो कोसळतो. सँपलला मधासारखं असलेलं सिरम दीड महिन्यात पाण्यासारखं होऊन ड्रॉपरमधून गळायला लागतं. झँथन गमवर हे होत नाही. झँथन मात्र थेट पाण्यात टाकला की माशाच्या डोळ्यासारख्या गाठी धरतो. आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडतात.

लॅबचं सँपल आणि बॅच यातला फरक इथेच पडतो. एक किलोच्या बीकरमध्ये ढवळलेल्या झँथनमधली हवा तासाभरात निघून जाते. ५० किलोच्या वेसलमध्ये (ढवळायच्या टाकीत) जोरात ढवळलं आणि व्हॅक्यूम नसेल तर बुडबुडे दोन-दोन दिवस अडकून राहतात. त्याच दिवशी भरलं तर बाटली वरपर्यंत भरलेली दिसते आणि आठवड्याने पातळी खाली बसते. वजन कमी भरतं, म्हणजे वजनमापं खात्याचा प्रश्न. भरण्याआधी माल २४ तास ठेवायला सांगा, आणि भरताना दर तासाला पाच बाटल्या वजन करून नोंद.

तेल. तुमच्या कल्पनेत एक अडचण आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मुंबईत हिवाळ्यातल्या पहाटे, आणि नाशिक-पुण्याला त्याहून जास्त काळ. मग ग्राहक फोटो पाठवतो: बाटलीत पांढरा गोळा, झाकणाचं भोक बंद. खोबरेलाचं प्रमाण खाली आणा आणि अंतिम मिश्रण फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवून पाहा. ताजी पानं-फुलं तेलात उकळायच्या भानगडीत कारखान्याला घालू नका. पाण्याचा अंश राहिला की तळाशी गढूळपणा येतो आणि बुरशीला जागा मिळते. तेलात विरघळणारे अर्क घ्या. टोकोफेरॉलसारखं अँटिऑक्सिडंट नसेल तर तेल कालांतराने खवट वास धरू शकतं. दर बॅचला अॅसिड व्हॅल्यू आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खराब झालंय ते दाखवणारे आकडे) मागा. केसांच्या तेलाचं भारतीय मानक आयएस ७१२३ आहे, त्याप्रमाणे रिपोर्ट द्यायला सांगा.

सिरमच्या चाचण्या तीन. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर तीन महिन्यांची स्टॅबिलिटी (माल टिकतो का ते), आणि ती अंतिम बाटलीत, काचेच्या बीकरमध्ये नव्हे. प्रिझर्वेटिव्हची चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू घालून पाहणं), २८ दिवसांची. आणि बॅचची सूक्ष्मजीव तपासणी. आयएसओ १७५१६ प्रमाणे साध्या प्रॉडक्टला ग्रॅममागे हजार जंतूंची मर्यादा आहे, ई. कोलाय, स्युडोमोनास, स्टॅफ आणि कँडिडा अजिबात नको. पहिल्या बॅचचं नियासिनमाइड बाहेरच्या एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये मोजून घ्या. लेबलवर १० लिहून आत ७ असेल तर जीभ नाही, लॅबच सांगेल.

खोकेवाला

सगळे फॉर्म्युल्यावर बोलतात, पण पहिली ऑर्डर अडकते ती बाटलीत.

५०० पीस आणि ५० किलो हे दोन वेगळे आकडे नाहीत, फक्त बोलायची पद्धत वेगळी. ३० मिलीच्या ५०० बाटल्या म्हणजे १५ लिटर माल. कारखान्याचं सगळ्यात लहान वेसल ५० किलोचं असेल तर १५ किलो त्यात नीट ढवळलाच जात नाही, पातं मालाच्या वर राहतं. म्हणून ५० किलो. वेसल, पाइप, फिलिंग मशीनला चिकटलेलं ४-५ टक्के सोडा, उरतात सुमारे दीड हजार बाटल्या. ५०० म्हणणाऱ्याला विचारा, बाकीचा लूज (बाटलीत न भरलेला) माल कुणाचा? तुमच्या नावावर ड्रममध्ये सहा महिने ठेवून नंतर भरणार असेल तर दुसऱ्या फेरीच्या बाटल्यांवर उत्पादनाचा महिना कोणता छापणार, हेही विचारा.

बाटली तुम्ही घ्यायची की कारखान्याने, हे कोटेशनमध्ये स्पष्ट नसतं, म्हणून तुमची तुलना जमत नाहीये. तिघांना एकच तक्ता पाठवा: लूज मालाचा किलोचा दर, बाटली, झाकण, लेबल, खोकं, फिलिंग-पॅकिंग, टेस्टिंग, वाहतूक. प्रत्येकाची वेगळी ओळ. जो एकगठ्ठा दर देतो त्याची घासाघीस करता येत नाही.

सिरमला गडद काचेची बाटली आणि ड्रॉपर घेणार असाल तर १८ मिमीचा गळा बहुतेक ठिकाणी मिळतो. एका दुकानातून बाटली आणि दुसऱ्याकडून ड्रॉपर उचलू नका. काचेची नळी बाटलीच्या तळाला टेकली तर झाकण पूर्ण बसत नाही, फार आखूड असेल तर शेवटचे पाच मिली कधीच निघत नाहीत आणि रिव्ह्यू तेवढ्यावरच येतो.

तेलाला फ्लिप-टॉप आवडतं लोकांना, पण आत प्लग नसेल तर कुरिअरच्या गोणीत ते गळणारच. २० बाटल्या भरून आडव्या करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी पेपरवर डाग दिसला की झाकण बदला. यापेक्षा स्वस्त टेस्ट नाही. लेबल कागदाचं घेऊ नका. तेलाचा हात लागला की कागद पारदर्शक होतो, शाई पसरते, आणि जुलैच्या हवेत कडा सुटतात. बीओपीपी या प्लास्टिक फिल्मचं घ्या. बाटलीवर थेट स्क्रीन प्रिंट पहिल्या फेरीत नको, पत्ता किंवा किंमत बदलली की बाटल्याच भंगारात.

लेबलवर कारखान्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं, उतरत्या क्रमाने घटक, हे कॉस्मेटिक्स रूल्सचं. निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, दर मिलीची किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे वजनमापाचं. बॅच, महिना आणि एमआरपी छापून आणू नका, भरतानाच इंकजेटने मारायला सांगा. त्यासाठी लेबलवर कोरी पांढरी जागा सोडा, चमकदार लॅमिनेशनवर ती शाई बोटाने पुसली जाते.

चाफेकळी

ही माहिती एका जागी कुठे मिळालीच नसती, सगळ्यांचे आभार. तक्ता आजच तिघांना पाठवते. पाच लाखांत दोन्ही बसतील का? सिरमची एमआरपी ३९९ ठेवायचा विचार आहे, सेल किंमत ३४९.

हिशेबवही

चाफेकळीताई, ३४९ चा हिशेब मांडते, आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा.

क्रीम-सिरमवर १८ टक्के जीएसटी, तो आत धरलेला. म्हणजे हातात २९६. मार्केटप्लेसचं कमिशन आणि इतर फी मिळून २५ टक्के धरा, ८७ गेले. शिपिंग ६०. जाहिरात ऑर्डरमागे ७०, आणि ही कमीच धरली आहे. परत आलेला माल आणि फुटतूट, १५. उरले ६४. बाटलीसकट प्रॉडक्ट ५२ ला पडलं तर हातात १२ रुपये. १५०० बाटल्या सगळ्या विकल्या तर अठरा हजार. ३९९ ला विकलं तरच श्वास घेता येतो, किंवा दोनचा सेट करून शिपिंग वाटून घ्यायचं.

तेलाला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, ते बरं. पण बाटल्या-झाकणं तुम्ही स्वतः घेतली तर त्यांवर १८ टक्के भरलेला, आणि विक्रीवर ५. भरलेल्या कराचं क्रेडिट साठत जातं, परतावा मागता येतो पण तेवढा काळ पैसा अडकतो. तेलाचा माल शक्यतो तयार पीस म्हणून कारखान्याकडूनच बिलावर घ्या.

पाच लाखांत दोन्ही नकोत. तेल आधी काढा.

खलबत्ता

तेल आधी, हे मला पटत नाही. सिरमच्या स्टॅबिलिटीला तीन महिने लागणारच आहेत. ती आज सुरू करा, खर्च थोडा आहे. त्या तीन महिन्यांत तेल बाजारात उतरवा.

हिशेबवही

म्हणजे तेच म्हणतोय आपण, फक्त सिरमची चाचणी आधी सुरू. चालेल.

तुर्भेनाका

अॅडव्हान्सचं राहिलंच. ५० टक्के एकदम देऊ नका. सँपल मंजुरीला थोडे, एफडीएची परवानगी आणि पॅकेजिंग आल्यावर ३० टक्के, बॅचचा रिपोर्ट हातात आल्यावर बाकीचे. मंजूर केलेल्या सँपलच्या तीन बाटल्यांवर दोघांची सही आणि तारीख घ्या. एक कारखान्याकडे, दोन तुमच्याकडे, कपाटात अंधारात. बॅच आली की रंग, वास, जाडी त्याच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर माल उतरवून घेण्याआधी बोला. चलनावर सही झाली की नंतर ऐकत नाहीत.