प्लायचा 'गाभा', शटरचा 'बाक' आणि 'पीळ'

गुण्या:
किचनच्या कोटेशनमध्ये प्लायपुढे 'हार्डवूड कोअर' लिहिलेलं असतं. कोअरला 'गाभा' म्हणावं का? शिवाय शटर, म्हणजे कपाटाचं दार, वाकलं की कुणी 'बाक' म्हणतं, कुणी 'पीळ'. दोन्ही एकच का?

रंधा:
'गाभा' चालेल, पण त्यात एक गंमत आहे. प्लायसाठी ओंडका गोल फिरवत सोलतात, गुंडाळी उलगडावी तसा. मधला दांडका शेवटी उरतो. म्हणजे झाडाचा अगदी मधला गाभा प्लायमध्ये येतच नाही! प्लायचा गाभा म्हणजे दोन फेसच्या (बाहेरून दिसणाऱ्या वरच्या-खालच्या थरांच्या) मधले थर, एक उभा, एक आडवा. थर एकूण विषम असतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्हीकडे ताण सारखा.
बाक आणि पीळ वेगळे. शटर सपाट फरशीवर ठेवा. लांबीत कमान दिसली तर बाक. तीन कोपरे टेकून चौथा उचलला तर पीळ. थोडा पीळ बिजागरीचा आत-बाहेरचा स्क्रू फिरवून निभावतो, बाक तसा जात नाही.

करवत:
खरा फसवा शब्द 'हार्डवूड'. वनस्पतिशास्त्रात मऊ पॉपलरही हार्डवूडच. दुकानात लाकडाचं नाव विचारा: गर्जन, निलगिरी की पॉपलर? निलगिरी मजबूत, पण नीट सुकवली नसेल तर आकसते आणि शीट वाकते. प्लायवरचे '७१०' (मरीन प्लायचा मानक क्रमांक) किंवा 'बीडब्ल्यूआर' (उकळत्या पाण्याला टिकणारा) हे शिक्के मुख्यतः पाण्यात डिंक टिकेल का ते सांगतात, शटर सरळ राहील का ते नाही.

गुण्या:
मग बघायचं काय?

करवत:
चारही कडा. थरांमध्ये फट दिसली, किंवा एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर शीट परत. पृष्ठभागावर टकटक करत जा. बद्द आवाज येतो तिथे आत पोकळी. ३५ मिलिमीटरचं बिजागरीचं भोक नेमकं तिथे आलं तर स्क्रू पकडणार कशाला?

रंधा:
एक भर. बाहेरून १ मिलिमीटर सनमायका आणि आतून नुसता रंग, असं केलं की चांगला प्लायही बाक धरतो. आतून लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ सनमायका, हवाच. उंच शटरला ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) बरा, त्यातल्या पट्ट्या शटरच्या लांबीत जाऊ द्या.