अनुभव लिहा : गावातला जवान शहीद झाला, त्यानंतर

१७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. साताऱ्याजवळ पोगरवाडीत, त्यांच्या गावी, अंत्यसंस्कार झाले. लोटलेली माणसं टीव्हीवर आपण पाहिली. मला पुढचं हवंय. कॅमेरे गेल्यावर तुमच्या गावात काय झालं? 'कोटी कोटी प्रणाम' नको, पाहिलेलं लिहा.

माजी हवालदार : पार्थिवासोबत गावी जायची ड्युटी मी केली आहे. लोकांच्या लक्षात बंदुकीच्या फैरी राहतात. पेटीवरचा तिरंगा चितेवर जात नाही, घडी घालून घरच्यांच्या हाती द्यायचा असतो. ती आई घेईना. म्हणाली, "माझ्या पोराच्या अंगावरचं काढू नगा." आम्ही पाच-सहा जण नुसते उभे. शेवटी तिच्या थोरल्या दिरानं हात पुढं केले.

कोरेगावकर : शहिदाच्या घरचं सोयाबीन काढणीला आलेलं. भावकीनं पैरा केला, कुणी मजुरी मागितली नाही. त्या साली गल्लीतली लग्नं बिनवाजंत्री झाली. असं करा म्हणून कुणी दवंडी दिली नव्हती.

चिडका : फ्लेक्सवर जवानाचा फोटो तळहाताएवढा, पुढाऱ्यांचे हातभर. एवढंच.

साताऱ्याची सून : कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली चेन्नईच्या ओटीएतून (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतून) लेफ्टनंट झाल्या, तेव्हा आमच्या सासूबाई बातम्या बघत होत्या. कौतुक राहिलं बाजूला, आधी विचारलं, "दोन लेकरं कुणापाशी ठेवली गं?" मला राग आला होता. पण त्यांचा स्वतःचा नवरा पलटणीत होता. घर कोण सांभाळतं हे त्यांना पक्कं ठाऊक.

वीरपत्नीचा भाऊ : बहिणीचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला एक, आधारवर दुसरं. पेन्शन अडकली. गावातल्याच एका रिटायर सुभेदारांनी पदरमोड करून खेटे घातले, म्हणून सुटली. १५ ऑगस्टला तिला झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची असते, शाल-नारळ असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच गल्लीतून बोलावणं येत नाही. यावर ग्रामसभेत ठराव कसा करायचा, सांगा.

कोरेगावकर : ठरावानं नाही होणार, दादा. आमच्याकडं सरपंचबाईंनी पहिलं वाण शहिदाच्या बायकोला दिलं. दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. पुढच्या वर्षी एकच गेली.